ट्रेलरची बातमी आणि आईचा फोन

मी व्हिडिओ गेमच्या बातम्या लिहिते. रत्नागिरीत हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे दिवसभर गेमच खेळता?" शेजारच्या काकूंनी एकदा माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलाकडच्यांना त्यांनी "ती कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगून वेळ मारून नेली. खरं तर या कामात खेळणं थोडं आणि फोन करणं जास्त. कुठला गेम कधी येणार, कुठला रखडला, कुठल्या कंपनीने माणसं काढली, हे विचारत बसायचं. पुष्कळदा उत्तर मिळत नाही. मग पुन्हा विचारायचं.

मी ज्या वेबसाइटसाठी लिहिते ती मुंबईची. तिचा संपादक माझ्याच वयाचा, त्यामुळे आमचं अरे-तुरे. घरात आई आणि मी. बाबा बोटीवर इंजिनरूममध्ये असतात, वर्षातले बरेच महिने समुद्रात. आई कोकमाचं आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ असं करून विकते. तिच्या या धंद्याचं फेसबुकवर एक पेज आहे. त्यावरचे फोटो मी काढलेले, खाली नंबर तिचा.

त्या वर्षी एका भारतीय स्टुडिओच्या गेमची फार हवा होती. समुद्रावरच्या लढायांचा गेम. ट्रेलर आला आणि लोक वेडे झाले. आपल्याकडे असं काही बनू शकतं, यानेच माणसं हरखली होती. मीही हरखले. बातमी मीच लिहिली आणि मनापासून लिहिली.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला एका मुलीचा मेसेज आला. त्या स्टुडिओत ती ॲनिमेशनचं काम करत होती. सावर्ड्याजवळच्या गावची, चित्रकला शिकून पुण्याला गेलेली. मी रत्नागिरीची आहे हे तिने कुठेतरी वाचलं होतं. शिमग्याला ती घरी आली तेव्हा मी एसटीने सावर्ड्याला गेले आणि हायवेलगतच्या एका हॉटेलात आम्ही भेटलो. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. चहा आला तरी तिने हात लावला नाही.

"ताई, त्या ट्रेलरमधलं काहीच गेममध्ये नाहीये," ती म्हणाली. "ते बाहेरच्या एका कंपनीकडून करून घेतलं. सिनेमासारखं. आमच्याकडे अजून बोट नीट वळतसुद्धा नाही."

"पण गेम दिवाळीला येणार म्हणून सांगतायत ना?"

"सांगतायत. आगाऊ नोंदणीपण सुरू केली. आम्ही बोललो तर म्हणतात, तुम्ही काम करा, बाकीचं आम्ही बघतो." तिने कप बाजूला सरकवला. "गेम वाईट नाहीये हो. झाला तर चांगला होईल. पण लोकांना हे जे दाखवलंय ना, ते आमचं नाही. मला लाज वाटते."

तिच्या एकटीच्या शब्दावर मी लिहिणार नव्हते. त्याच स्टुडिओतला आणखी एक जण बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर फोनवर बोलला, त्यानेही तेच सांगितलं. स्टुडिओला मी रीतसर प्रश्न पाठवले. उत्तर आलं नाही. संपादकाने बातमी दोनदा वाचली, वकिलाला दाखवली आणि माझ्या नावाने छापली. कुणी सांगितलं हे मी त्यालाही सांगितलं नव्हतं.

लोक चिडणार हे मला माहीत होतं. आवडत्या गेमला कमी गुण दिले तरी लोक शिव्या घालतात, त्याची सवय असते. या वेळी मात्र इंटरनेटवर थेट गेम खेळून दाखवणाऱ्या, लाखांनी प्रेक्षक असलेल्या एका स्ट्रीमरने माझ्यावर व्हिडिओच केला. माझा फोटो लावला, बातमीतली वाक्यं वेडावून वाचली आणि म्हणाला की परदेशी कंपन्यांनी हिला विकत घेतलंय. त्याच्या प्रेक्षकांनी पुढचं काम केलं. मी कुठे राहते ते त्यांनी शोधलं. आईच्या पेजवर एका जुन्या पोस्टखाली माझं नाव होतं, तेही शोधलं.

आईला फोन यायला लागलेत हे मला तिच्याकडून कळलं नाही. तिने काही दिवस मला काहीच सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याशी उभी होती आणि फोन कानापासून लांब धरला होता. त्यातून एका पोराचा आवाज येत होता. हिंदीत तो जे बोलत होता ते मी इथे लिहिणार नाही. आईने त्याला शांतपणे विचारलं, "आपण कोण बोलताय? ऑर्डर द्यायची आहे का?" पलीकडे चार-पाच जण खिदळले.

मी फोन हिसकावून बंद केला. "किती दिवस चाललंय हे?"

"सोमवारपासून," आई म्हणाली. "आधी वाटलं, चुकून लागला असेल. मग एकाने खूप आगळ मागवलं. मी बाटल्या भरल्या, पार्सल केलं. पत्ताच खोटा. परत आलं." तिने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "तू काय लिहिलंस गो त्यांच्याबद्दल?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष पुन्हा वाजायला लागलेल्या फोनकडे होतं. शेवटी म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. तिकडे पाण्यात त्यांच्या डोक्याला ताप नको."

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं. फोन थांबले नाहीत. आईच्या पेजवर "माशा निघाल्या", "पोट बिघडलं" असं कोण कुठल्या लोकांनी लिहून ठेवलं. त्यांनी तिचं आगळ कधी चाखलं नव्हतं. तिने फोन बंद करून कपाटात ठेवून दिला. मला वाटलं, संपलं.

नेमका त्याच आठवड्यात बाबांनी बोटीवरून फोन केला. आईचा फोन बंद. माझाही मी अनोळखी नंबरांसाठी बंद केलेला, आणि बोटीवरचा नंबर दर वेळी वेगळा दिसतो. दोन दिवस प्रयत्न करून त्यांनी शेजारी फोन लावला. काकू धावत आल्या, चप्पलसुद्धा न घालता. त्यांना वाटलं, आम्हाला काहीतरी झालंय. बाबांनाही तेच वाटत होतं. काकूंच्या फोनवर ते बोलले तेव्हा आवाज कापत होता. त्यांचा असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

सगळं ऐकल्यावर त्यांनी मला एकच विचारलं. "तू लिहिलंस ते खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग घाबरायचं कशाला? फोन चालू ठेवा."

फोन स्पीकरवर होता. आई बाजूला उभी राहून ऐकत होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "फोन मी उचलते. त्या शिव्या मी ऐकते. तुम्ही दोघं बसा खरं-खोटं करत." आणि आत निघून गेली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या.  मला आईच्या मागे जायचं होतं, पण जाऊन काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी संपादकाचा फोन आला. स्टुडिओने नोटीस पाठवली होती.

"मला नावं हवीत," तो म्हणाला. "वकील मागतोय. आपल्याकडे खरीच माणसं आहेत हे त्याला दाखवावं लागेल."

"नावं मिळणार नाहीत."

"मला एकट्याला सांग. मी कुणाला सांगणार आहे?"

"तुलाही नाही. मी त्यांना शब्द दिलाय."

 तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर मालकांचा दबाव होता आणि त्याच्या हाताखाली माझ्यासारखी आणखी माणसं होती. "मग मला बातमी खाली घ्यावी लागेल," तो म्हणाला. "तात्पुरती."

संध्याकाळपर्यंत बातमी साइटवरून गेली. स्ट्रीमरने आणखी एक व्हिडिओ केला, विजयाचा. बातमी काढली म्हणजे खोटीच होती, हे आता सगळ्यांच्या दृष्टीने सिद्ध झालं होतं. त्यानंतर सावर्ड्याच्या मुलीचा फोन आला. स्टुडिओत एकेकाला आत बोलावून विचारत होते, फोन दाखवायला सांगत होते.

"ताई, माझं नाव दिलंत का?"

"नाही गं. कुणालाच नाही."

"मग बातमी का काढली?"

मी सांगायला लागले, पण माझं मलाच ते पटत नव्हतं. नाव दिलं नाही म्हणून बातमी काढली, हे तिला खरं कसं वाटणार? ती म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास ठेवला कारण तुम्ही आपल्याकडच्या," आणि फोन ठेवला. नंतर मी पुष्कळदा लावला. तिने उचलला नाही. तिथली नोकरी तिने सोडली, हे मला त्या दुसऱ्या माणसाकडून कळलं. तिला काढलं नाही, तिनेच सोडली, असं तो म्हणाला. त्यातला फरक मला फार मोठा वाटला नाही.

आईने नवीन नंबर घेतला. जुनी गिऱ्हाइकं काही परत आली, काही आली नाहीत. आता ती ओळखीच्या माणसांनाच माल देते. पेज बंद आहे. माझ्यावर तिचा राग नाही, असं ती म्हणते. पण मी फोनवर कामाचं बोलत असले की ती काम टाकून दारात येऊन उभी राहते.

दिवाळीला गेम आला नाही. स्टुडिओने "आणखी चांगला व्हावा म्हणून" तो पुढे ढकलल्याचं जाहीर केलं आणि गेममधली खरी दृश्यं दाखवली. ती ट्रेलरसारखी नव्हती. लोकांनी स्टुडिओच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. स्ट्रीमरनेही केलं. माझी आठवण कुणाला झाली नाही, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. संपादकाने फोन करून सॉरी म्हटलं आणि बातमी परत साइटवर चढवली. ती तोवर कुणाच्याच उपयोगाची राहिली नव्हती.

गेम शेवटी आला तेव्हा त्याचा रिव्ह्यू मी लिहिणार नाही, असं मी कळवलं. पण विकत घेऊन खेळले. बोट छान वळत होती. मुलगी म्हणाली होती तसा तो खरंच बरा झाला होता. संपल्यावर काम करणाऱ्यांची नावं पडद्यावर वर सरकायला लागली, ती मी शेवटपर्यंत बघितली. पुन्हा लावून बघितली. तिचं नाव नव्हतं. मधेच सोडून गेलेल्यांची नावं गाळायची, ही या धंद्यातली जुनी खोड आहे.

यावर बातमी होण्यासारखी होती. मी तिला मेसेज केला, तुझं नाव त्यात यायला हवं होतं, तू हो म्हणालीस तर मी लिहिते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने स्वतःहून फोन केला. मागे पोरांचा गलका चालला होता. गावाकडे ती आता मुलांना चित्रकला शिकवते, म्हणाली.

"तुम्ही नाव दिलं नव्हतंत, ते मला नंतर कळलं," ती म्हणाली. "त्या वेळी मी काय काय बोलले."

"ते जाऊ दे. या गाळलेल्या नावांचं काय करू? लिहू?"

"नको, ताई. आता माझं नाव कुठेच नको."

मी बरं म्हटलं. मग तिने विचारलं, गेम पूर्ण खेळलात का, समुद्र कसा वाटला. चांगला वाटला, मी सांगितलं. ती म्हणाली, तो समुद्र आमच्या टीमने केला होता, आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून गेली.