शेंडेभाऊजींच्या शर्टांची गोधडी

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, बाप्पा! मधातच कुठंतरी मलेच रडू येते अन् गोष्ट अर्धवट राहते.

मले गोधड्यांचा नाद. दुपारची भांडी आवरली, की सेक्टरातल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकायची, जुन्या साडीवर कापडाचे तुकडे मांडायचे अन् धावदोरा घालत बसायचं. समोरून प्लांटच्या शिफ्टवाल्यांच्या स्कुटरी जातात, माझी मान वर होत नाही. टाक्यांची एक ओळ सरळ आली, की दिवस सार्थकी लागला!

मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या ब्लॉकातल्या शेंडेवहिनी आल्या. भाऊजी जाऊन वर्ष होत आलं होतं. हातात चादरीत बांधलेलं गाठोडं.

"त्यांचे शर्ट हायेत वं," त्या म्हणाल्या. "कोणाले देववत नाही, अन् पाहवत बी नाही. वर्षश्राद्धापर्यंत गोधडी होईन का?"

"कावून नाही होणार? द्या इकडे."

गाठोडं मी आतल्या खोलीत ठेवलं. आता पाहा, घोळ कुठं झाला! घरात रंगकाम चालू होतं. अलमाऱ्या रिकाम्या करून आमचेही कपडे चादरींत बांधून त्याच खोलीत. यजमान महिनाभर नागपूरले, लेकीकडे. मले टोकायले घरात कोण होतं?

दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं. निळा चौकडीचा शर्ट, पांढऱ्या रेघांचा, एक बदामी. "भाऊजी, माफ करा," म्हणत एकेकावर कात्री चालवली. एका खिशात बडीशेप निघाली. तीसुद्धा मी पुडीत बांधून देवापाशी ठेवली!

वर्षश्राद्धाला गोधडी वहिनींच्या मांडीवर ठेवली. त्या बराच वेळ नुसता हात फिरवत राहिल्या. त्यांच्या नणंदेनं मात्र गोधडीत तोंड खुपसलं. "माह्या भावाचा वास येऊन राहिला वं!" अख्खं घर रडलं. सगळ्यात जास्त मी.

दोन दिवसांनी यजमान परतले. आंघोळ करून टॉवेलवर उभे.

"अवं, माहे शर्ट कुठी हायेत?"

"कोपऱ्यातल्या गाठोड्यात."

आतून आवाज आला, "हे कोनाचे हायेत? सगळे खाकी! अन् बाहीले ग्रीस!"

मी आत धावली. ते तर शेंडेवहिनींचं गाठोडं!

"माहा निळा चौकडीचा?"

"गोधडीत."

"पांढऱ्या रेघांचा?"

"तोबी."

"अन् बदामी?"

"तो मधोमध."

यजमान टॉवेलवरच खाटेवर टेकले. म्हणाले, "म्हणजे शेंडेच्या बहिणीनं मले हुंगलं?"

हसू येऊन राहिलं ना तुम्हाले? मले नाही आलं. दोन दिवस सुई हातात घेतली नाही. सांगावं, तर त्या बाईच्या दुःखाची थट्टा झाली. न सांगावं, तर तिच्या नवऱ्याचे शर्ट माझ्या घरात पडलेले. तिसऱ्या दिवशी गाठोडं उचललं अन् गेली.

वहिनी अंगणात उन्हात बसल्या होत्या. पायांवर तीच गोधडी.

"वहिनी, माहा हात झडो. हे भाऊजींचे शर्ट नाहीत. त्यांचे हे घ्या."

"मले मालूम हाये," त्या शांतपणे म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तू मांडीवर ठेवली तेव्हापासून. ते जिंदगीभर प्लांटची खाकी घालत. चौकडी कुठून येईन?"

"मग बोलल्या कावून नाही?"

"तू किती रडून राहिली होती वं! अन् टाके पाह्यले. इतकं मन लावून कोणी केलं माह्यासाठी?"

मले पुन्हा रडू फुटलं. त्यांनी गाठोडं सोडलं, वरचा खाकी शर्ट उलगडला, कॉलर हातानं सारखी केली. मग स्वतःच म्हणाल्या, "आण कात्री. आता आपण दोघी करू."

कापता कापता त्या एकेका शर्टाची गोष्ट सांगत होत्या. हा पहिल्या प्रमोशनचा, हा लेकाच्या रिझल्टच्या दिवशीचा. मधेच थांबल्या अन् माझ्याकडे पाहत राहिल्या.

"एक विचारू का वं? मी तर हे शर्ट वर्षभर उघडून पाह्यले नाही, तरी एका नजरेत समजलं. तू तीस वर्षं नवऱ्याचे शर्ट धुवून राहिली, कापतानी बी ओळखले नाही?"

मी सुई ओवून राहिली.

"बिना शर्टाचा समोर आला तर नवरा तरी ओळखशीन ना?"