आत्याच्या ट्रकला आलेला ताप

आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येतं. म्हणूनच आत्याचा ट्रक जळायच्या बेतात आला होता.

हिरा आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात आमची आणि तिची घरं एकमेकांना चिकटून. आतोबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता हिचा मासळीचा धंदा बसणार. आत्याने पन्नाशीत ड्रायव्हिंगचं लायसन्स काढलं आणि डिझेलचा छोटा ट्रक घेतला! पहाटे जेट्टीवर मासळी उचलायची, बर्फात भरायची आणि वाशीपासून पनवेलपर्यंत हॉटेलांना पोचवायची. लुगडं घट्ट खोचून ती स्टेअरिंगवर बसली की कंटेनरवालेसुद्धा निमूट बाजू देतात. मी बेलापूरला एका ऑफिसात हेडक्लार्क आहे. मला स्कूटर डबल स्टँडवर लावायची असली तरी मागून कुणाला तरी उचलावी लागते.

एका रविवारी ट्रकच्या कंपनीचं पत्र आलं. तीन पानी, सगळं इंग्रजीत. आत्या ते घेऊन आमच्याकडे आली.

"बघ र, काय लिवलंय."

मी चष्मा लावला. (नुसतं वाचायला लागत नाही, पण इंग्रजी वाचताना बरा दिसतो.) पहिल्या दोन ओळींतच माझं काम झालं. "सेफ्टी रिकॉल आहे आत्या. हीटरचा रिले बदलायला गाडी आणा म्हणतात."

"कसला हीटर?"

"अगं, थंडीच्या देशात माणसं गाडीत कुडकुडतात, त्यांच्यासाठी. नवी मुंबईत कसला आलाय हीटर! इथे पंख्याखाली घामाच्या धारा लागतात."

"मंग माज्या पत्त्यावर कशाला धाडलं?"

"मोठ्या कंपन्या सगळ्यांनाच पाठवतात. टेन्शन नको घेऊस."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं आणि पत्र घडी घालून नेलं. बाकीची जवळजवळ तिन्ही पानं मी वाचलीच नव्हती, हे तिला तेव्हाच कळलं असणार.

चार दिवसांनी सकाळी ती पुन्हा दारात. "गाडीला ताप आलाय."

"म्हणजे?"

"बॉनेट गरम लागतंय. काल दुपारपासनं गाडी बंद हाय. बॅटरीपन रोज सकाळी मरगळलेली असते."

"उन्हाने तापलं असेल," मी दात घासता घासता निदान केलं.

"सकाळी सहाला कंचं ऊन?"

"मग कालचं उरलं असेल!"

यावर बायको आतून इतक्या जोरात हसली की माझ्या तोंडातला फेस उडाला. आत्या मात्र हसली नाही. तिने कमरेतून पत्र काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "वाच. पयल्यापासनं. एक शब्द सोडायचा नाय."

मी तोंड धुऊन वाचू लागलो. हा हीटर माणसांसाठी नव्हताच. थंडीत इंजिन सुरू व्हावं म्हणून आत जाणारी हवा तापवणारा होता!

"रिले म्हंजे?" आत्याने विचारलं.

"एक प्रकारचा स्विच. हीटरला करंट देणारा."

"तो चिकटून बसला तर?"

"तर हीटर चालूच राहील."

"गाडी बंद असताना?"

"हो, तरीसुद्धा."

"मंग आग लागल ना र!"

"हो," मी कौतुकाने म्हणालो, "पुढच्या ओळीत अगदी हेच लिहिलंय!"

आणि त्याच्या पुढच्या ओळीत लिहिलं होतं, गाडी घरापासून लांब, उघड्यावर उभी करा.

आत्याचा ट्रक आमच्या बेडरूमच्या खिडकीला खेटून उभा होता. एका बाजूला नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची खोकी. खिडकीच्या आत आमची तीन वर्षांची मुलगी झोपलेली!

बायकोने एक क्षण न दवडता मुलीला उचललं आणि ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी काय केलं? मी "पाणी! पाणी!" असं ओरडत, समोर दिसलेली पहिली बादली उचलून ट्रककडे धावलो. बादलीत पाणी होतं खरं, पण कोळंबीसकट. पायरीवर पाय घसरला आणि सगळी कोळंबी माझ्या अंगावर आली. एक बनियनमध्ये गेली. (जिवंत होती.)

"बाजूला हो!" आत्या म्हणाली. आवाज मुळीच चढलेला नव्हता.

"मी गाडी चालू करून बाहेर काढतो," मी चावीकडे झेपावलो.

"चावीला हात लावशील तर हात तोडीन! अजून करंट सोडायचाय का?"

तिने पदर हाताला गुंडाळून बॉनेट उघडलं. आतून जळक्या प्लास्टिकचा वास आला. तिने पान्याने बॅटरीची काळी वायर सोडवली आणि लांब वाकवून ठेवली. मग वाकून रिलेचा काळा डबा दाखवला. त्याची एक बाजू मेणबत्तीसारखी ओघळली होती. त्याच्यापासून चार फुटांवर आम्ही तिघं झोपत होतो.

"ढकलायची," आत्या म्हणाली. "गाडी जेट्टीपाशी मोकळ्यावर न्यायची. मी मागनं जोर लावते. तू नुसता स्टेअरिंग धर. जमल ना?"

अख्खी आळी धावून आली. मी ऐटीत स्टेअरिंगवर बसलो. पण बंद गाडीचं स्टेअरिंग दगडासारखं जड असतं आणि ब्रेकही एरवीसारखा लागत नाही, हे मला उतारावर कळलं. ट्रक डावीकडे वळायला हवा होता. तो सरळ गेला. समोर आळीतल्या गंगूमावशीने ताडपत्रीवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकत घातला होता, तिथपर्यंत गेला. मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा कुठे पुढचं चाक जवळ्याच्या बरोब्बर मधोमध थांबलं.

"मेल्या, रस्ता कमी पडला का तुला?" गंगूमावशी गरजली.

आत्याने आधी तिची माफी मागितली, खराब झालेला सगळा जवळा स्वतः भरून द्यायचं कबूल केलं, आणि मग दोघींनी मिळून मला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुर्भ्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. आत्याने वितळलेला रिले काढून ठेवला होता आणि बॅटरी चार्ज करून पुन्हा जोडली होती; हीटरशिवायही ट्रक एका झटक्यात चालू झाला. इथल्या हवेत हीटरची गरजच नाही, हे माझं म्हणणं खरं ठरलं! (फक्त ते हीटरला कुणी सांगितलं नव्हतं.) काउंटरवरच्या साहेबांना मी तयार करून आणलेलं इंग्रजी ऐकवलं. पाच मिनिटांनी ते सातारी मराठीत म्हणाले, "पार्ट आला न्हाई अजून. दोन महिन्यांनी या."

माझं इंग्रजी संपलं. आत्याने पिशवीतून तो ओघळलेला रिले काढला आणि हळूच त्यांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, ह्यो माज्या नातीच्या खिडकीखाली होता. माजी गाडी राहू द्या. पन असल्या गाड्या आमच्याकडं अजून तिघांच्या हायत. त्यांनी पत्र वाचलं का, तुमी इचारलंत?"

साहेबांनी रिले हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग उठून त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः फोन लावले. पार्ट चौथ्या दिवशी आला. मेकॅनिक तो बसवत असताना आत्या शेजारी उभी राहिली, आणि काय काय बदललं ते कागदावर लिहून घेतल्याशिवाय तिथून हलली नाही.

पण ती घरी गेली नाही. मला बाजूला बसवून तिने ट्रक थेट त्या तिघांच्या दारी नेला. दोघे दिवाळ्यातले, एक जवळच्या सारसोळे गावचा. प्रत्येकाचं बॉनेट उघडायला लावलं, हात लावून पाहिलं, आग कशी लागते ते चार वाक्यांत समजावलं. त्यांतल्या एकाने पत्रात बोंबील बांधले होते! मी मागून पिशवी घेऊन हिंडत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढ्या शहाण्या बाईशी आपलं रक्ताचं नातं आहे!

सारसोळ्याच्या माणसाने चहा दिला आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "आत्या, ह्यो तुमचा क्लिनर का?"

"नाय र," आत्या म्हणाली, "क्लिनरला गाडीतलं थोडं तरी कळतं. ह्यो भाचा हाय."