आत्याची इस्त्री आणि दादाची कॉफी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपड्यांना इस्त्री करून देणारी एक बाई होती. लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. गल्ली अजून डोळे चोळत असायची, तेव्हाच तिच्या खोलीतून तापल्या सुताचा वास बाहेर यायचा. इस्त्रीवरचा तांबडा दिवा लागायचा, मग विझायचा. विझला की आत्या बोटं पाण्यात बुडवून दोन थेंब इस्त्रीच्या तळाला लावायची. थेंब चर्रकन नाचत पळाले तर जाड सुती कापड घ्यायचं, सुस्कारा टाकून विरले तर रेशमाला हात घालायचा. एवढ्यावर तिचं आयुष्य चाललं होतं, आणि कुणाचा साधा रुमालही तिच्या हातून जळला नव्हता.

मागच्या खोलीत तिचा थोरला भाऊ राहायचा. घड्याळं दुरुस्त करता करता त्याची नजर उतरली, तेव्हा त्याने दुकान बंद केलं आणि जन्मात एकच चैन केली. कॉफीचं मशीन आणलं. ठोकळ्यासारखं, समोर कॉफीची पूड भरून गाळणीचा दांडा अडकवायची जागा, बाजूला वाफेची नळी, कपाळावर एक दिवा. रोज सकाळी त्याच्यावर घोटभर काळीभोर कॉफी करायचा. त्याआधी दांडा न लावताच थोडं पाणी कपात सोडायचा आणि ओतून टाकायचा. आत्या इस्त्रीवरून ओरडायची, "दादा, कप विसळायला घरात नळ नाही का रे?" तो नुसता हसायचा.

मग दादाला पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. गिळता येतं, असं डॉक्टर सांगत होते, पण सूप म्हणा, दूध म्हणा, चमचा समोर आला की तो ओठ मिटून घ्यायचा. दिवसाकाठी जेमतेम दोन घोट पोटात जायचे.

दादाचा मुलगा दुसऱ्या गावाहून आला आणि दारातच म्हणाला, "आत्या, तुझ्याच्यानं हे होणार नाही. रविवारपर्यंत बाबांनी आपल्या हातानं काही घेतलं तर ठीक. नाहीतर मी त्यांना शुश्रूषागृहात नेतो. तिथं नाकात नळी घालून पोसतात."

"नळी घालायला तो काय सायकलचा टायर आहे?" आत्या म्हणाली.

सकाळी तिला कॉफी आठवली. दादा जर आपल्या हातानं काही घेईल, तर तेच. तिने भाच्याला हाक मारली. "अरे, ह्या मशीनचं कसं असतं?"

भाच्याने फोनमध्ये बघितलं. "पाणी ब्याण्णव-त्र्याण्णव डिग्रीला पाहिजे. कमी झालं तर आंबट, जास्त झालं तर कडू."

"मग काटा कुठाय?"

"काटा नाही. दिवा आहे."

दिवा म्हटल्यावर आत्या निर्धास्त झाली. दिव्यांची तिची ओळख जुनी. मशीनचा दिवा लागला, तेव्हा तिने मनाशी म्हटलं, आत्ता कुठं तापायला लागलंय. तो विझेपर्यंत ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि विझताच बटण दाबलं. दादाने डाव्या हाताने कप उचलला! दादाने ओठ लावले, तोंड वेडंवाकडं केलं आणि कप खाली ठेवला. तिने चाखून बघितलं. आंबट, कच्च्या फळासारखं.

दुसऱ्या दिवशी तिने विचार केला, तापलं नसेल. वाफेचं बटण दाबून ठेवलं, नळीतून फुसफुस वाफ येऊ दिली आणि लगेच कॉफी काढली. ती करपलेल्या लाकडासारखी कडू. दादाने कप दूर सारला. तिसऱ्या दिवशी परत दिव्याकडे वळली. परत आंबट.

आत्याचं डोकं भणभणलं. तीच कॉफी, तेच पाणी, तोच दिवा. गिऱ्हाईक दारात येऊन विचारी, "आत्या, माझे शर्ट?" आणि ती म्हणे, "थांबा हो, दिवा विझू द्या," इस्त्रीचा दिवा तर कधीचाच विझलेला असे.

रविवार उजाडला. भाचा बापाचे कपडे बॅगेत भरू लागला. आत्याने शेवटचं म्हणून मशीन लावलं. काल वैतागून तिने ओलं बोट मशीनच्या लोखंडाला लावलं होतं. दिवा लागलेला असताना थेंब चरचरला होता, विझल्यावर नुसता ओघळला. म्हणजे हा दिवा इस्त्रीच्या उलटा? तापल्यावर लागतो? तसं असेल तर आतापर्यंत ती नेमकं गार झाल्यावर बटण दाबत होती. आणि वाफेनंतर तर दिवा लागलेलाच होता, मग ती कडू का? तिला कशाचाच थांग लागेना.

तेवढ्यात दादा काठी टेकत आला. काठी भिंतीला टेकवून त्याने रिकामा कप उचलला आणि तिच्यापुढे धरून हलवू लागला.

"मळलाय का रे?" तिने कप नळाखाली धुऊन दिला. त्याने नकारार्थी मान हलवली. पुन्हा कप पुढे केला, मग स्वतःच मशीनखाली सरकवला. दांडा लावलाच नव्हता.

आत्या बघतच राहिली. दादा रोज सकाळी आधी ओतून टाकायचा, ते पाणी! तिने बटण दाबलं. पाणी आधी फुसफुसत, वाफाळत, थेंब उडवत आलं. मग आवाज बसत गेला, जास्तीची धग उतरली, आणि धार शांत झाली. अगदी इस्त्रीवरचा थेंब सुस्कारा टाकतो तशी. तिने पाणी ओतून टाकलं, दांडा अडकवला, कॉफी काढली. दिवा तेव्हा लागलेला होता की विझलेला, हे बघायचं राहूनच गेलं.

दादाने कप डाव्या हाताने उचलला. एक घोट. दुसरा. मग मान मागे टाकून तळापर्यंत.

भाच्याच्या हातातला सदरा हातातच राहिला. "आत्या, काय केलंस?"

"मला काय ठाऊक!" ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसू लागली.

दादाने रिकामा कप पुन्हा मशीनखाली सरकवला आणि तिच्याकडे बघितलं. भाच्याने बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढायला घेतले. आत्या मात्र मशीनच्या कपाळावरच्या दिव्याकडे टक लावून उभी होती. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. एक बोट ओलं करून ती म्हणाली, "दादा, जरा थांब हं. आता परत कसं करायचं, ते मला बघू दे."