मांसातल्या पांढऱ्या रेघा

"डोंगर चढणारे बोकड, मॅडम. चिवटच निघणार," मोहनशेठ म्हणाले. "तुम्ही फक्त रिपोर्ट लिहून द्या. मी सप्लायर बदलतो."

उल्हासनगरात त्यांचं हॉटेल. सप्लायर हिराबाई समोरच उभी होती, बदलापूरपलीकडच्या वाडीतून आलेली. आठवड्याला दोन बोकडांची ही ऑर्डर गेली, तर तिला कळप मोडावा लागणार होता.

"शेट तर चार पावलं चालत नाय," ती म्हणाली. "ते मऊ हायेत का?"

शेठ हसले. रिपोर्टचा हट्ट मात्र सुटला नाही.

मी पशुवैद्य. वहीत यादी केल्याशिवाय कामाला हात लावत नाही. पहिला मुद्दा लिहिला, चरबी. बोकडाच्या अंगात ती आधी मूत्रपिंडाभोवती साठते, मग कातडीखाली, आणि सगळ्यात शेवटी मांसाच्या आत, बारीक पांढऱ्या रेघांसारखी. शिजताना या रेघा वितळतात आणि घास रसाळ लागतो. बोकडात त्या मुळातच कमी. घाईने धान्य चारलं तर पोट सुटतं, रेघा येत नाहीत. हिराबाईच्या बोकडाच्या पाठीचा तुकडा आडवा कापून उजेडात धरला. रेघा होत्या. हिराबाईने जनावर सावकाश वाढवलं होतं.

मग चिवट का? दुसरा मुद्दा, किचन.

आचारी म्हणाला, "बोकड कापून आला की वरची चरबी पुरी साफ करतो. लगेच डीप फ्रीझरमध्ये. कस्टमरला लो फॅट पाहिजे ना!"

तिथेच सापडलं. कातडीखालची चरबी म्हणजे मांसाची गोधडी. ती काढून कोमट मांस एकदम गोठवलं की आखडतं. मग कितीही शिजवा.

पुढच्या बोकडाची एक मांडी नेहमीसारखी फ्रीझरमध्ये गेली. दुसरी चरबीसकट एसी खोलीत सहा तास टांगली, मग फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकाच मसाल्यात शिजवल्या. शेठनी दुसऱ्या मांडीचं हाड चोखून साफ केलं. पहिलीच्या ताटलीत परत हात घातला नाही.

"हिराबाई, सोमवारी तीन पाठव."

"दोनच. तिसरा अजून अंगानं भरायचाय."

माझा जीव भांड्यात पडला. रिपोर्ट लिहावा लागला नाही. यादी तेवढी बदलली. आता आधी किचन बघते, बोकड नंतर.