सिस्टरची फियाट आणि माझा कान

उंब्रजमध्ये कृष्णात मिस्त्रीच्या कानाला तोड नाही, असं लोक म्हणायचे. निदान मी तरी तसं सांगत फिरायचो. फौजेच्या वर्कशॉपात सतरा वर्षं काढून गावी आलो, सर्व्हिस रोडला पत्र्याचं गॅरेज टाकलं आणि कानावर धंदा सुरू केला. गाडी आली की बॉनेट उघडायचं, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनवर टेकवायचा, त्याची मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे मिटायची खरं तर काही गरज नसते. पण गिऱ्हाइकावर छाप पडते.

सहा वर्षांपूर्वी माझ्या कामाला अचानक बहर आला. टॅपेट सेट करणं ही माझी खासियत. इंजिनच्या माथ्यावर झडपा हलवणाऱ्या टॅपेटची फट जास्त राहिली की शिवणयंत्रासारखी टकटक येते. बाकीचे मिस्त्री ही फट फिलर गेजच्या पात्या घालून मोजतात. मी कानानं करायचो आणि फिलर गेज हे बिनकानाच्या माणसांचं हत्यार आहे असं चारचौघांत म्हणायचो. तर सहा वर्षांपूर्वीपासून मी सेट केलेलं प्रत्येक इंजिन एकदम गप्प व्हायला लागलं. दोन पिळात टकटक गायब. उतारवयात माणसाच्या हातात सिद्धी येते म्हणतात, ती हीच असावी असं मला वाटलं.

त्याच सुमाराला बायको, विजयमाला, फार हळू बोलायला लागली होती. टीव्हीवरची माणसंही पुटपुटत होती. घरचा कुकर शिट्ट्या कमी द्यायला लागला होता. एकूण जगाला शांतपणा आलाय, असा मी निष्कर्ष काढला. आपल्यालाच काही झालं असेल ही शंका मला आली नाही, असं मी शपथेवर सांगणार नाही. आली होती. पण कानाचा मिस्त्री बहिरा झाला हे गावात कळलं तर गॅरेजला कुलूपच लावावं लागेल, म्हणून ती शंका मी बाजूला सारली.

असं चालू असतानाच यंदा मुक्ताबाई सिस्टरची फियाट पुन्हा माझ्याकडे आली.

मुक्ताबाई म्हणजे निवृत्त नर्स. मेढ्याच्या बाजूला जावळीच्या डोंगरात एकतीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई. अंगानं काटकुळी, साडी पांढरी, केस त्याहून पांढरे, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप जीभ बाहेर काढून दाखवावी. नवरा धोंडिराम शाळेत क्लार्क होते. त्यांनी हौसेनं सेकंडहँड फियाट घेतली आणि पहिल्याच उतारावर घाबरून रस्त्याच्या कडेला उभी करून टाकली. तेव्हापासून गाडी सिस्टर चालवायच्या आणि धोंडिराम शेजारी बसून जीव मुठीत धरायचे. रात्री-अपरात्री वाड्यांवरून अडलेल्या बायका ह्याच गाडीनं दवाखान्यात आल्या. मागच्या सीटवर दोन पोरं जन्मली. त्यातलं एक आता पोलिसात आहे आणि त्यानं एकदा सिस्टरांनाच सीटबेल्टवरून अडवलं होतं. सिस्टरांनी त्याला त्याच्या जन्माची हकिकत सगळ्या ट्रॅफिकसमोर ऐकवली. त्यानं सॅल्यूट ठोकून गाडी सोडली.

धोंडिराम गेले, सिस्टर उंब्रजला येऊन राहिल्या, पण महिन्यातून दोन खेपा मेढ्याला चालूच. कोणी सांगितलेलं नाही, पगार नाही. गरोदर बायकांचं बीपी बघायचं, गरज पडली तर साताऱ्याला न्यायचं.

"कृष्णात, इंजिनात खालनं कायतरी ठोकतंय," त्या म्हणाल्या. हे मला कळलं, कारण त्या समोर उभ्या होत्या आणि मी त्यांच्या ओठांकडं बघत होतो.

मी साग्रसंगीत स्क्रू ड्रायव्हर लावला. डोळे मिटले. आत संपूर्ण शांतता. एखाद्या शहाण्यानं डावा कान लावून बघितला असता. पण वीस वर्षं मी उजवाच लावत आलो होतो आणि मागं उदयसिंह बसला होता. उदयसिंह म्हणजे ऊसवाला, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या निमित्तानं दिवसभर माझ्या बाकावर असतो. त्याच्यासमोर कान बदलणं मला कमीपणाचं वाटलं.

"टॅपेट हाय सिस्टर. दोन पिळात जाईल."

दोन पीळ दिले. मला काही ऐकू आलं नाही, म्हणजे काम झालं. सिस्टर माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या आणि गेल्या.

आठ दिवसांनी परत आल्या. उदयसिंह चहाला जाईपर्यंत बाकावर थांबल्या. तो गेल्यावर पिशवीतून एक वस्तू काढली. अ‍ॅल्युमिनियमचा वीतभर कर्णा. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला नर्सा वापरतात तो. इंजिन चालू करायला लावून त्यांनी तो कर्णा इंजिनच्या अंगाला टेकवला, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. डोळे उघडे होते.

"आता एकेका प्लगची वायर काढ," त्यांनी हातानं खुणावलं.

हे सांगायचं काम माझं होतं. तळातलं बेअरिंग गेलं असलं की त्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका कमी होतो, हे मी फौजेत पोरांना शिकवलेलं. सिस्टरांनी ते स्वतःच्या डोक्यानं काढलं होतं. पहिली काढली, दुसरी काढली. तिसरी काढल्यावर त्यांनी हात वर केला.

"तिसऱ्यात हाय. हितं ठोका दबतोय." मग इंजिन बंद करून त्या माझ्या अगदी समोर आल्या. "मघाशी मी तुज्या पाठीमागं उभी राहून दोनदा हाक मारली. कवापासनं ऐकू येत न्हाई तुला?"

"गॅरेजात आवाज असतो, सिस्टर."

"गॅरेजात कोण बी न्हाई, कृष्णात. काल ह्याच गाडीतनं सात महिन्यांच्या गरोदर पोरीला साताऱ्याला सोनोग्राफीला घिऊन गेले मी. तू टॅपेट म्हणालास म्हणून."

मला राग आला. सिस्टरांचा आला, कर्ण्याचा आला, त्या पोरीचासुद्धा आला. माणूस उघडा पडला की त्याला आधी रागच येतो, निदान मला तरी. मी गाडीखाली शिरलो, ऑइल काढलं आणि इंजिनच्या तळाचा ऑइलचा चेंबर खाली घेतला.

कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टन आणि इंजिनच्या तळाशी फिरणारा क्रँक यांना जोडणारा दांडा. त्याच्या खालच्या टोकाला बांगडीचे दोन तुकडे करावेत तसं बेअरिंग असतं. त्याचा अंगचा रंग राखाडी. तिसऱ्या नंबरचं टोपण खोललं तर राखाडी थर केव्हाच झिजून गेला होता आणि खालचं तांबं उघडं पडलं होतं. मी क्रँकवर नख फिरवलं. नख अडकलं, चरे पडले होते.

इथं माझा राग उतरला. चरे ताजे होते. आठ दिवसांपूर्वी मी नीट ऐकलं असतं, नाहीतर ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्या कुणाला ऐकायला लावलं असतं, तर नुसती बेअरिंगं बदलून भागलं असतं. आता क्रँकच ग्राइंड करावा लागणार होता. आणि अजून चार खेपा गाडी चढावर गेली असती तर रॉड तुटून इंजिनची भिंत फोडून बाहेर आला असता. पुढच्या सीटवर सिस्टर आणि मागं ती सात महिन्यांची गरोदर पोर. मी गाडीखालीच पडून राहिलो थोडा वेळ. मला माझी फार लाज वाटली.

चेनपुलीनं इंजिन बाहेर काढलं, क्रँक पोत्यात गुंडाळला आणि कुपवाडला नेला. ग्राइंडिंगच्या शेडमध्ये मला बरं वाटतं. मशिनच्या घरघरीत तिथं सगळेच हातवारे करतात आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलतात. तासाभरात मी तिथं सगळ्यांत चांगलं ऐकणारा माणूस ठरलो. दहा थाव, म्हणजे पाव मिलिमीटर, घासून क्रँक आरशासारखा झाला. सांगलीतल्या दुकानातून त्याच मापाची जाडी बेअरिंगं घेतली आणि परत आलो.

जोडणी मी तीन दिवस केली. एरवी दीड दिवसाचं काम. प्रत्येक रॉडला त्याचंच टोपण लागतं, अदलाबदल चालत नाही, म्हणून खोलतानाच पंचानं खुणा केल्या होत्या. बेअरिंग अंगठ्यानं दाबून बसवायचं, बोट भरून ऑइल लावायचं, खुणेला खूण जुळवून टोपण कसायचं, आणि प्रत्येक टोपण कसलं की क्रँक हातानं फिरवून बघायचा. घट्ट वाटला तर खोलायचं. हात माझे शाबूत होते. त्यांच्या भरवशावर मी चारी बेअरिंगं बसवली आणि क्रँक असा फिरला की मला डोळे मिटावेसे वाटले. मिटले नाहीत.

गाडी चालू करायच्या दिवशी उदयसिंहनं बाकावर आणखी तिघांना गोळा केलं होतं. जणू बारसंच होतं. सिस्टर बाजूला उभ्या. इंजिन सुरू झालं, ऑइलचा दिवा विझला. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"लाव की कान, कृष्णात," उदयसिंह म्हणाला.

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. उजव्या कानाला लावला. काही नाही. त्या दिवशी चारचौघांत डावाही लावला. उसाच्या फडातून लांबून कुणी हाक मारावी तसं काहीतरी होतं, पण ते इंजिन होतं की माझंच काळीज, ते सांगता येईना. "एक नंबर" असं म्हणायला दोन शब्द लागत होते. सहा वर्षं मी तेच म्हणत आलो होतो. सिस्टरांनी मला वाचवायला काही केलं नाही. त्या नुसत्या थांबल्या होत्या. उद्या गाडी मेढ्याला जाणार होती.

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "सिस्टर, तुमीच ऐका. मला ऐकू येत न्हाई. लय दिवस झाले."

सिस्टरांनी कर्णा लावला. घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिट घेतलं, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावून आणखी एक. बाकावरची चारही माणसं श्वास धरून बसली होती.

"ठोके चांगले हायत," त्या म्हणाल्या. "मुलगा का मुलगी ते मी सांगणार न्हाई, कायदा हाय."

सगळे हसले. आता ते माझ्यावर हसतील म्हणून मी वाट बघत होतो, पण तसं कुणी हसेना. उदयसिंह पायातल्या चपलेशी चाळा करत होता.

"आमाला म्हाईत हाय रं ते," शेवटी तो म्हणाला. "समद्यांना म्हाईत हाय. तुज्याकडनं गाडी नेली की टॅपेट आमी पलीकडं सिद्धूकडनं करून घेतो."

सिद्धूचं गॅरेज रस्त्याच्या पलीकडं, हायवेखालच्या बोगद्यातून गेलं की समोर. तो माझ्याकडेच शिकलेला. सात वर्षांपूर्वी मी सेट केलेल्या एका गाडीच्या टॅपेटमध्ये तो चोरून फिलर गेज घालताना मला सापडला. माझ्या कानाची परीक्षा घेतोस काय, म्हणून मी त्याला त्याच दिवशी बाहेर काढला. पुढं त्यानं समोरच गॅरेज टाकलं. माझी गिऱ्हाइकं त्याच्या दारात दिसली की मी इकडून शिव्या द्यायचो.

मी बोगद्यातून पलीकडं गेलो. सिद्धू एका बॉनेटखाली वाकला होता. मला बघून उभा राहिला, हात पुसले. सात वर्षांत आम्ही बोललो नव्हतो.

"किती वर्षं करतोयस माझी टॅपेटं?"

"उस्ताद, बसा तरी," तो मोठ्यानं, ओठ नीट हलवत म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

मी बसलो नाही. तेव्हा त्यानं फळीवरची एक तेलकट वही काढून माझ्या हातात दिली. पानापानावर गाड्यांची नावं आणि पुढं फिलर गेजची मापं. फियाट, सिस्टर. ट्रॅक्टर, उदयसिंह. प्रत्येक माप नेहमीच्या मापापेक्षा केसभर वेगळं होतं. तारखा सात-आठ वर्षांपूर्वीच्या होत्या, माझ्याकडं असतानाच्या.

"तुमचा कान पक्का हुता तवा तुमी सेट केल्यावर मी मोजून ठिवायचो," सिद्धू म्हणाला. "पुस्तकातल्या मापापरीस तुमचं इंजिन जास्त गोड चालायचं. कानानं मला जमत नव्हतं. म्हणून लिवलं. आजून त्याच मापावर करतो, माजं न्हाई त्यात कायबी."

ज्या मोजण्यापायी मी त्याला हाकललं, त्या मोजण्याच्या वहीत माझा कान होता. मला तिथं रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. लपवण्याचा मला तसाही कंटाळा आला होता.

थोड्या वेळानं मी त्याच्याकडं फिलर गेज मागितलं. कुठलं पातं कुठं घालायचं हे फौजेत शिकलेलं मी केव्हाच विसरून गेलो होतो. सिद्धूनं फियाटचं पान काढलं, वही माझ्यासमोर धरली आणि मला पहिल्यापासून दाखवायला लागला.