कोथरूडमधला परदेशी दुखवटा

आदरणीय गजभिये सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहायला बसले आणि पहिलीच अडचण आली. सरांची आणि आमच्या घराची ओळख एका निधनामुळे झाली, आणि मंगल प्रसंगी असली सुरुवात बरी दिसत नाही, असं आमच्या बाबांचं म्हणणं. पण मला दुसरी सुरुवात माहीत नाही. सर समजून घेतील.

कोथरूडच्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आई, सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेले बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ मंदार. जिन्याखालच्या सूचनाफलकावर 'उद्या पाणी येणार नाही' याच्या शेजारी वळणदार अक्षरातला एक कागद टाचलेला होता. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' अशी सुरुवात, मग इंग्लंडमधल्या एका रॉक बँडच्या ड्रमवादकाचं नाव आणि 'यांचे अल्पशा आजाराने निधन झाले'. खाली लिहिलं होतं, 'शनिवारी सायंकाळी पाच वाजता आमच्या घरी त्यांचे वादन ऐकण्यात येईल. चहा आहे. यशवंत गजभिये, दुसरा मजला.'

बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि सचिवांना विचारलं, "हे गृहस्थ कुठल्या मजल्यावर राहायचे?"

"ते नाही राहायचे. गजभिये राहतात," सचिव म्हणाले. "त्यांच्याकडे अधूनमधून कुणीतरी परदेशी जातं."

दुसऱ्या दिवशी त्या कागदावर सचिवांनी पेन्सिलीनं शेरा मारला होता, 'मयताचा सोसायटीशी संबंध काय?' त्याखाली शाईनं उत्तर होतं, 'ऐकण्याचा.' अहो, पुण्यात जन्म घालवलेल्या माणसाला एका शब्दात गप्प करणारे हे चंद्रपूरकडचे गृहस्थ आहेत तरी कोण, हे बघायला मी आणि मंदार शनिवारी पाचला वर गेलो.

सर तेव्हा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. घरात एका कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, जमिनीवर सतरंजी, आणि समोर कपाटाएवढे दोन स्पीकर. बुधवार पेठेतून एकेक सुटा भाग आणून सरांनी ते स्वतः बांधले होते. सभेचे नियम कडक होते. तबकडीची एक बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावायची, एकदाच. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, पुन्हा लावा म्हणायचं नाही. "तो माणूस एकदाच गेला, आपणही एकदाच ऐकू," असं सर म्हणत. मग चहा, आणि चहाबरोबर प्रत्येकानं आपल्याला काय ऐकू आलं ते सांगायचं. आवडलं की नाही ते सांगायचं नाही, ऐकू काय आलं एवढंच.

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. मंदार म्हणाला, "गाण्याच्या खाली काहीतरी चालू होतं. ते थांबलं असतं तर सगळं पडलं असतं."

सरांनी कप खाली ठेवला. "बाप्पा! पोरानं पहिल्याच दिवशी बेस ऐकला, गाण्याखालचा खर्ज!"

तेव्हापासून आम्ही सरांकडचे झालो. शब्द न कळता या माणसांसाठी आपण इतके का हळहळता, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "माझे वडील चळवळीच्या जलशात गायचे. गावोगाव, कंदिलाच्या उजेडात, घसा फाटेस्तोवर. नागपूरला वसतिगृहात रेडिओवर पहिल्यांदा हे संगीत लागलं, तेव्हा शब्द नाही कळले. पण कुणीतरी जीव तोडून काही सांगून राहिलं आहे, ते कळलं. तसं सांगणारा माणूस मी घरात पाहिला होता." अशा माणसाची जाण्याची बातमी चार ओळींत का होईना, नीट मराठीत लागली पाहिजे, हा सरांचा आग्रह. त्यासाठी ते मसुदा तीन-तीनदा लिहीत.

सरांचा मोठेपणा मला कळला तो माझ्याच गाढवपणामुळे. हिंजवडीला नवी नोकरी लागली होती, ई-मेल नावाचं खेळणं हाती आलं होतं. एका सकाळी कुणीतरी ढकललेला मेल आला की अमुक गिटारवादक गेले. मी ऑफिसातूनच सरांना फोन केला. सूचना लागली, सभा झाली, सर गहिवरून बोलले, आणि सोमवारी कळलं की ते गृहस्थ धडधाकट आहेत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंपनीच्या बसमधून उतरून मी तोंड लपवत सोसायटीत शिरले, तर फलकावर नवा कागद. 'शनिवारी ज्यांना आदरांजली वाहिली ते कलावंत हयात असून त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. चूक सर्वस्वी माझी. क्षमस्व. यशवंत गजभिये.' सचिवांनी शेरा मारलाच, 'अभिनंदन.' महिनाभर सोसायटीनं सरांची यथेच्छ टिंगल केली. मेल माझ्याकडून आला होता हे सरांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. आज मीच सांगते आहे.

आता मंदारबद्दल लिहायचं आहे.

मंदारनं बेस गिटार घेतली. बाबांना हे थेर मान्य नव्हते. घरात गिटार दिसली तर बाल्कनीतून खाली जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि बाबा बोलतात ते करतात. म्हणून गिटार सरांच्या घरी राहिली. मंदार माझ्याच मागोमाग हिंजवडीला टेस्टर म्हणून लागला, कंपनीतल्या मुलांबरोबर त्यानं बँड काढला, आणि सरांच्या बैठकीच्या खोलीत त्यांची एक कॅसेट भरली गेली. बाबांनी ती कधी ऐकली नाही. विचारलंही नाही. कुणी 'मुलगा काय करतो' म्हटलं की 'सॉफ्टवेअरमध्ये आहे', एवढंच.

एका दुपारी हिंजवडीच्या रस्त्यावर मोटारसायकलला अपघात झाला आणि मंदार गेला. अठ्ठाविसावं चालू होतं.

आठवड्यानं सर खाली आमच्याकडे आले. हातात कागद होता. "पेंडसेसाहेब, सूचना लिहिली आहे. आपली परवानगी असेल तरच लावतो."

बाबांनी वाचली. 'बेस गिटारवादक मंदार पेंडसे यांचे अपघाती निधन झाले.' बाकी सगळं तेच, तीच वाक्यं, तेच अक्षर. इंग्लंड-अमेरिकेच्या थोरामोठ्यांना जेवढ्या ओळी, तेवढ्याच आमच्या मंदारला.

"तो वादक नव्हता," बाबा म्हणाले. "नोकरी करत होता. वाजवायचा आपला फावल्या वेळात."

"साहेब, मी ऐकलं आहे. आपण ऐकलं नाही," सर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण कागदही मागे घेतला नाही.

बाबांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "लावा."

शनिवारी पाचला बाबा पहिल्यांदा तो एक जिना चढले. खुर्ची नको म्हणाले, सतरंजीवर बसले. कॅसेट सुरू झाली. ड्रम, गाणारा मुलगा, दोन गिटारी, सगळा कल्लोळ. बाबा मान पुढे काढून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू कसनुसा होत गेला. आणि सरांच्या सभेत इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. ते मध्येच बोलले.

"यातला मंदार कुठला?"

आपल्या मुलाला या गर्दीत ओळखता येत नाही, हे त्या माणसाला चारचौघांत कबूल करावं लागलं होतं.

सर उठले. त्यांनी कॅसेट थांबवली, मागे नेली, आणि ॲम्प्लिफायरपाशी जाऊन वरच्या पट्टीचे सगळे आवाज एकेक करून उतरवत नेले. गाणारा गेला, झांजा गेल्या, गिटारी पुसट झाल्या. खाली एकच भरीव, शांत आवाज उरला, एका चालीत पुढे जाणारा, कुठेही न डगमगणारा.

"हा," सर म्हणाले. "हा मंदार."

बाबांनी डोळे मिटले. गाणं संपलं तेव्हा म्हणाले, "पुन्हा लावा."

एकदाच ऐकायचं हा नियम ज्यांनी ड्रमवादकांच्या राजांसाठीही मोडला नाही, त्या सरांनी पुन्हा लावलं. मग आणखी पुन्हा. बाकीचे चहा न घेता एकेक करून उठून गेले, आणि बाबा मांडीवर बोटांनी ताल धरायला लागले होते. चुकत होते, पण धरत होते. मी भिंतीशी उभी राहून रडत होते आणि सरांकडे बघत होते. देवळात गेल्यावर माणसाला जे वाटतं म्हणतात, ते मला त्या दिवशी त्या बैठकीच्या खोलीत वाटलं.

सरांनी किती विद्यार्थी घडवले, निवृत्तीनंतर किती मुलांना विनामोबदला शिकवलं, हे या ग्रंथात इतर जाणकार लिहितीलच. माझी तेवढी योग्यता नाही. मी एवढंच सांगू शकते की माझ्या वडिलांना त्यांचा मुलगा सरांनी मिळवून दिला, तो गेल्यानंतर.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्या शनिवारपासून सरांची एकही सभा त्यांनी चुकवलेली नाही. हा लेख लिहिताना मी त्यांना विचारलं, शेवटी सरांना शुभेच्छा काय द्यायच्या? वयानं मोठे आहात, तुम्हीच आशीर्वाद द्या.

"लिही, शंभरी गाठा," बाबा म्हणाले. "निदान माझ्यानंतर तरी राहा. माझी सूचना त्यांनीच लिहायची आहे. आणि त्यांना सांग, माझ्या नावापुढं हेडक्लार्क वगैरे काही नको. 'बेस गिटारवादक मंदार पेंडसे यांचे वडील', एवढंच लिहा."