एझ्राकाकांची एक ओळ

"चौदा प्राध्यापक. प्रत्येकी एक पान. ईस्टरपर्यंत," डीन व्हिटकर म्हणाले आणि यादी माझ्या टेबलावर ठेवून निघाले. दारातून वळून म्हणाले, "आणि मिस्टर दातार, कौतुक नको. फॅक्ट्स."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिडलंड्समधल्या एका विद्यापीठाच्या लॉ लायब्ररीत मी डेप्युटी लायब्रेरियन होतो. आमच्या फॅकल्टीला एक रजिस्टर छापायचं होतं. महायुद्धाच्या आगेमागे इथे कायदा कोणी शिकवला, ती माणसं कुठून आली, त्याआधी काय करत होती, याचं. मी एक फॉर्म तयार केला. वडिलांचा व्यवसाय, शाळा, डिग्री, बॅरिस्टरची सनद, युद्धातलं काम, पुस्तकं. मग पत्रं लिहायला बसलो. हयात होते त्यांना, आणि नव्हते त्यांच्या बायकामुलांना.

माझी समजूत अशी की हे सगळे बड्या घरचे. व्हरांड्यातल्या तैलचित्रांवरून तसंच वाटायचं. निघालं भलतंच. ज्यांना सगळी फॅकल्टी टरकून असायची, त्यांचे वडील रेल्वेत सिग्नलमन. स्लाऊला त्यांच्या विधवा बहिणीने मला वडिलांचा सिग्नलचा कंदील दाखवला. एक जण व्हिएन्नात न्यायाधीश होते. पळून इथे आले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरांबरोबर पहिल्या वर्षाच्या बाकावर बसले. एक जण दिवसभर कोर्टात उभे राहून संध्याकाळी शिकवायला यायचे. डॉक्टरेट जवळपास कोणाकडेच नव्हती. मी एका बाईंना फोनवर विचारलं, "तुमच्या यजमानांची पीएचडी?" त्या हसल्या. "अहो, त्या काळी पीएचडी म्हणजे कोर्टात काम न मिळाल्याचा दाखला!"

ते काम मी मनापासून केलं. आजही ते रजिस्टर हातात घेतलं की छाती फुगते. चौदापैकी बारा जणांच्या वडिलांचा व्यवसाय मी शोधून काढला. असं दुसऱ्या कुठल्या फॅकल्टीने केलेलं मला तरी माहीत नाही.

यादीत नसलेला पंधरावा माणूस म्हणजे एझ्रा नवगावकर. मुंबईचे मराठी ज्यू. घरात मराठी, शनिवारी सिनेगॉग. पन्नासच्या दशकात लंडनला बॅरिस्टर झाले, पण एकाही चेंबर्सने, म्हणजे बॅरिस्टरांच्या कचेरीने, त्यांना बसायला खुर्ची दिली नाही. शेवटी आमच्या लायब्ररीत असिस्टंट म्हणून लागले. मी रुजू झालो तेव्हा मला काम त्यांनी शिकवलं.

त्यातलं मुख्य काम नोटिंग-अप. एखादा जुना निकाल पुढे वरच्या कोर्टाने फिरवला, तर जुन्या खंडात त्या निकालाच्या मार्जिनमध्ये डिंकाची छोटी चिठ्ठी चिकटवायची. हा निकाल आता चालत नाही, अमुक खंड, अमुक पान बघा. म्हणजे विद्यार्थी फसत नाही.

"एक लक्षात ठेव, वसंता," एझ्राकाका सांगायचे. "चिठ्ठी मार्जिनमध्येच. जुना मजकूर झाकायचा नाही. चूक काय होती तेही लोकांना वाचता आलं पाहिजे."

ट्रस्टच्या कायद्याच्या खंडांमध्ये त्यांच्या चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक मराठी आकडे होते. ३–२, ५–१, असे. इंग्रज मंडळींना ती कपाटाची काहीतरी खूण वाटायची. मी एकदा विचारलं.

"माझं टाइमटेबल," ते म्हणाले. "तिसरा आठवडा, दुसरी बॅच, तेव्हा हा निकाल शिकवायचा. इंग्रजीत लिहिलं तर कोणीतरी विचारेल ना, हे काय म्हणून!"

प्रकार असा होता. ट्रस्ट हा विषय प्रोफेसर मॅलरींचा. युद्धात त्यांचं एक फुप्फुस गेलं होतं. हिवाळा आला की ते अंथरुणात. तेव्हा त्यांच्या ट्यूटोरियल्स, म्हणजे सहा-सात विद्यार्थ्यांचे छोटे वर्ग, लायब्ररीच्या मागच्या खोलीत एझ्राकाका घ्यायचे. एक-दोन नव्हे, सहा हिवाळे. कागदोपत्री मात्र ते शेवटपर्यंत लायब्ररी असिस्टंट.

रजिस्टरच्या कामासाठी मी लंडनमध्ये ईलिंगला एझ्राकाकांच्या घरी गेलो. ते तेव्हा लेकीकडे राहत होते. मला जुन्या प्राध्यापकांच्या आठवणी हव्या होत्या. त्या त्यांनी भरभरून सांगितल्या. चहा झाल्यावर माझ्या बॅगेतला कोरा फॉर्म त्यांनी आपणहून बाहेर काढला.

"मी भरला तर चालेल?"

"भरा की काका."

ते चष्मा लावून बसले. "वडिलांचा व्यवसाय. तेली. नुसतं तेली नको, असं लिहितो, कोकणातले शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. इंग्रजांना कळू दे." मग पेन थांबलं. "वसंता, टीचर म्हणून नाव येईल का रे? पान नको. एक ओळ पुरे. रूथला वाटतं तिचा बाप जन्मभर पुस्तकं उचलून ठेवत होता."

रूथ म्हणजे त्यांची लेक. ती स्वयंपाकघरात होती. मी म्हणालो, "बघतो."

सोमवारी डीनच्या खोलीत गेलो.

"नवगावकर? लायब्ररीतले?" डीन म्हणाले. "त्यांची टीचर म्हणून नेमणूक कौन्सिलच्या मिनिट्समध्ये आहे?"

"नाही."

"मग दुसरा काही पुरावा?"

पुरावा होता. एक मजला खाली, चाळीस-एक खंडांत चिकटवलेला. तो वाचू शकणारा विद्यापीठातला मी एकटाच माणूस. पण लायब्रेरियनची जागा रिकामी झाली होती आणि माझा इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर होता. पॅनेलवर प्रोफेसर मॅलरी होते. त्यांच्या नावावरचे वर्ग दुसऱ्याने घेतले, हे मी छापायला निघालो, तर ते माझ्याकडे कसे बघतील? मी तीन सेकंद विचार केला असेल.

"नाही," मी म्हणालो.

"मग प्रश्नच मिटला."

जागा मला मिळाली. रजिस्टर छापून आलं. एझ्राकाकांना मी स्वतः प्रत पाठवली. त्यांचा फोन आला. "छान झालंय रे. सिग्नलमनचं तर फारच छान." मग, "छपाईसुद्धा स्वच्छ आहे." यापुढे त्या विषयावर ते बोलले नाहीत. पुढच्याच्या पुढच्या वर्षी ते गेले.

त्यांचा भरलेला फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्येच होता. ट्रस्ट म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याच्या भल्यासाठी आपल्या ताब्यात ठेवणं. त्या ड्रॉवरला ट्रस्ट म्हणता आलं नसतं.

नव्वदच्या दशकात रजिस्टरची दुसरी आवृत्ती निघायची ठरली. आता डीन नवीन होत्या आणि मला कोणाची भीती नव्हती. तरी आधी मॅलरींकडे गेलो. वय झालं होतं, ऑक्सिजनची नळकांडी शेजारी. मी चाचरत विषय काढला. सर, तुमच्या त्या ट्यूटोरियल्स...

"एझ्राने घेतल्या," ते लगेच म्हणाले. "आणि माझ्यापेक्षा चांगल्या. माझी पोरं उन्हाळ्यातसुद्धा त्याच्याकडेच जायची. मागच्या रजिस्टरमध्ये तो नव्हता, तेव्हा मला वाटलं, तुम्ही विचारलं असेल आणि तो नको म्हणाला असेल. लाजाळू होता ना. मला कोणी विचारलं का नाही?"

मी वहीतलं एक पान फाडून त्यांचंच म्हणणं त्यावर लिहिलं आणि पुढे केलं.

"एका मिनिटात सही केली असती," ते म्हणाले, आणि खरोखर एका मिनिटात केली.

मग मी चिठ्ठ्यांची यादी केली. खंड, पान, मराठी आकडा, त्याचा अर्थ. तीन दिवस लागले. नव्या डीनबाई बघतच राहिल्या. एका ओळीऐवजी एझ्राकाकांना पूर्ण पान मिळालं, सिग्नलमनच्या मुलाच्या समोरचं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, जसंच्या तसं. प्रस्तावनेत डीनबाईंनी लिहिलं की आमच्या लायब्रेरियनच्या चिकाटीमुळे एक विसरलेला शिक्षक नव्याने सापडला. प्रकाशनाला रूथ दोन्ही मुलांना घेऊन आली होती. तिने पान उघडून मुलांना वाचून दाखवलं आणि माझे हात धरले.

"You found him, काका. डॅडी किती हॅपी झाला असता."

मी म्हणालो, "हो." एवढंच.

कारण सापडायला ते हरवलेच नव्हते. आणि आणखी एक गोष्ट मी केली होती. एझ्राकाकांनी भरलेल्या फॉर्मवर त्यांच्याच अक्षरात तारीख होती. तो मी जोडला नाही. नव्या फॉर्मवर माझ्या अक्षरात सगळा मजकूर उतरवून काढला आणि माहिती लेकीकडून मिळाली असं डीनबाईंना वाटू दिलं. पहिली चूक मी सुधारली, पण तिच्यावर कागद डकवून. नोटिंग-अपमध्ये नेमकं हेच करायचं नसतं.

आता मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात रूथला पत्र लिहिलं, सगळं, तीन सेकंदांसकट. आठ दिवस उत्तर आलं नाही. मग कार्ड आलं. "काका, मला राग आलाय. तो जाईपर्यंत थांबा. पण ते पान माझ्या मुलांनी शाळेत नेलं होतं. ओरिजिनल फॉर्म मला नको. जिथे असायला हवा तिथे ठेवा."

बर्मिंगहॅमहून ट्रेन पकडली आणि जुन्या लायब्ररीत गेलो. सध्याची लायब्रेरियन तिशीतली मुलगी आहे. तिने नोटिंग-अप कधी केलेलं नाही, आता सगळं स्क्रीनवर. तिला डिंक मागितला तर कपाटं उघडून ग्लू-स्टिक घेऊन आली. एझ्राकाकांच्या अक्षरातला फॉर्म मी तिच्या ताब्यात दिला आणि पावती घेतली. मग रजिस्टरच्या दोन्ही आवृत्त्या काढल्या. पहिलीत चौदाव्या पानाच्या मार्जिनमध्ये चिठ्ठी लावली: एझ्रा नवगावकर इथे हवे होते, दुसरी आवृत्ती बघा. दुसरीत प्रस्तावनेच्या मार्जिनमध्ये: नव्याने सापडले हे खरं नाही, पहिल्या वेळीच माहीत होतं, फॉर्म बघा. खाली सही, तारीख.

त्या मुलीने वाकून वाचलं. "चिठ्ठी थोडी ओळीवर सरकवू का? प्रस्तावनेतली चुकीची ओळ अजून दिसतेय."

"दिसू दे," मी म्हणालो.

चाळीस वर्षांच्या नोकरीतून सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. पुरावा मागितला आणि तो एक मजला खाली असेल, तर जिना उतरा. आणि ज्याची भीती वाटते, त्याला आधी विचारून बघा. सही करायला एक मिनिट लागतं.